नाव नाही

पहिल्या तासाला फळ्यावर लिहिलं : व्हॉट इज युवर नेम?
एकवीस तोंडं. ओल्या लोकरीचा आणि कोळशाचा वास.
तिसऱ्या बाकावरचा उठला, कुणाचे तरी मोठे बूट घातलेला,
म्हणाला, नेर्गुय.
पूर्ण वाक्यात, मी म्हटलं, इंग्रजीत.
त्यानं शेजारी पाहिलं. अझ्झायाची बहीण उलानबातरला शिकते,
तिनं कानात जुळवून दिलं :
माय नेम इज नो नेम.

मी रागावले. चेष्टा वाटली.
वर्गात कुणीच हसलं नाही,
तेव्हाच कळायला हवं होतं.

संध्याकाळी वसतिगृहाच्या हांदजावबाईंनी
चुलीत शेण्या सरकवत सांगितलं,
दहा-बारा शब्दांत, बाकी बोटांनी :
आधीची दोन गेली.
म्हणून तिसऱ्याचं नाव, नाव नाही.
जे न्यायला येतं ते यादी घेऊन येतं,
यादीत नसलेल्याला हाक कशी मारणार?

मला आमचे धोंडूकाका आठवले.
तीन पाळणे रिकामे झाल्यावर जन्मले, दगड म्हणून जगले,
एक्क्याऐंशीव्या वर्षीही आमटीतल्या मिठावरून भांडले.
पण हे बाहेर उणे एकतीस असताना,
खिडकीला आतून बर्फ धरलेलं असताना
मी कुणाला सांगणार, आणि कुठल्या भाषेत.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना
त्याच्या नावाशी जरा भरभर गेले.
उगाच. कुणी ऐकत असलं तर.

'फ' त्यांच्या ओठांवर बसत नाही.
फिशचा पिश होतो, फादरचा पादर,
आणि मी एकटीच हसते, का ते सांगता येत नाही.
हाऊ आर यू?
आय अ‍ॅम पाईन, थँक्यू, बग्शा.
पाईन म्हणजे झाड, मी चित्र काढून दाखवायचे.
इथे क्षितिजापर्यंत एक झाड नाही.
ते चित्राकडे पाहून मान डोलवायचे,
आणि पुन्हा, पाईन.

बग्शा म्हणजे बाई.
पहिला महिना मला ते 'बघ ना'सारखं ऐकू यायचं
आणि मी बघायचे :
पडलेला दात, कोकराच्या गळ्यातली लाल दोरी,
समासात काढलेला घोडा.
रंग कोणता? पुस्तकात तीनच : ब्राउन, ब्लॅक, व्हाइट.
नेर्गुयनं बराच विचार केला.
नो, बग्शा. नॉट इन बुक.
हालिउन.
मी म्हणून पाहिलं. सगळा वर्ग बाक बडवून हसला.
तो 'ल' जिभेच्या कडांवरून वारा सोडून म्हणायचा असतो,
मला शेवटपर्यंत जमला नाही.
आपण उगाच आपल्या 'ळ'चा तोरा मिरवतो.

मार्चमध्ये त्याला ताप चढला.
डॉक्टर नव्वद किलोमीटरवर, रस्ता बर्फाखाली.
हांदजावबाई आणि मी आळीपाळीनं बसलो.
पहाटे तीनला, त्या झोपल्याची खात्री करून,
मी त्याच्या कानाशी म्हटलं, धोंड्या.
त्यानं डोळे उघडले.
पाणी मागितलं, त्यांच्या भाषेत,
मग माझ्याकडे पाहून दुरुस्त केलं : वॉटर, प्लीज.

जूनमध्ये वडील मोटरसायकल घेऊन आले.
बाप आणि पिठाचं पोतं यांच्यामध्ये त्याला बसवलं.
त्यानं खिशातून वाळक्या दह्याचा खडा काढून दिला,
लोकरीच्या तंतूंसकट,
आणि विचारलं, एकही चूक न करता,
बग्शा, व्हॉट इज युवर नेम?

वर्षभरात कुणी विचारलं नव्हतं.
मी सांगितलं. इंजिन चालू झालं होतं,
ऐकू गेलं नसावं. तरी त्यानं मान डोलावली,
त्या झाडाच्या चित्राकडे पाहून डोलवायचा तशीच.
हांदजावबाईंनी गाडीमागे दूध शिंपडलं,
वारा उलटा होता, निम्मं माझ्याच बुटांवर आलं.

आता कुणी विचारलं, कशी आहेस,
की जिभेवर आधी ते झाड येतं.